बांधीतील ओली माती आणि कोरड्या मातीची पत्रिका



मृगाची एखादी दमदार सर येऊन गेली, की भंडारा जिल्ह्यातील शेतकरी शेतात जातो, एक ढेकूळ उचलून बोटांत चुरडून पाहतो आणि ‘वाफसा आला’ किंवा ‘अजून आला नाही’ असे सांगून मोकळा होतो. त्याच्या या एका शब्दात मृदाशास्त्राची कितीतरी पाने सामावलेली आहेत. पावसाने भरलेल्या मातीतील मोठ्या पोकळ्यांतून जादा पाणी खाली निघून गेले, तेथे हवा शिरली, आणि बारीक पोकळ्यांतून पाणी मात्र धरून ठेवलेले राहिले, अशा अवस्थेला वाफसा म्हणतात. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत वजनकाट्यावर आणि भट्टीत वाळवून जी गोष्ट आकड्यांत मांडतात, तीच गोष्ट शेतकऱ्याचा अंगठा आणि तर्जनी ठरवीत असतात. दोघांच्या रीतींत फरक आहे, विषय एकच आहे.

माती म्हणजे पायाखालचा निर्जीव भुगा, ही समजूत अद्यापही पुष्कळांच्या मनात घर करून आहे. वस्तुतः चांगल्या शेतातील मातीचा जवळजवळ निम्मा भाग रिकामा असतो. त्या पोकळीत हवा आणि पाणी यांची सतत अदलाबदल चाललेली असते. उरलेल्या निम्म्यात वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचे कण असतात, आणि कुजलेल्या पालापाचोळ्याचा अंश असतो. हा अंश प्रमाणाने अगदी थोडा असला, तरी त्याच्यावाचून बाकीच्याचे काही चालत नाही. ग्रॅमभर मातीत कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात. ते श्वास घेतात, खातात आणि मरतात, आणि त्यांच्या या उलाढालीतून नत्र, स्फुरद, गंधक ही द्रव्ये पिकाच्या मुळांना मिळण्याजोगी होतात. पाणी साठविणे, अन्नद्रव्य धरून ठेवणे, मेलेल्याचे पुन्हा जिवंतासाठी अन्न करणे आणि जादा पाण्याला वाट देणे अशी चार-पाच कामे माती एकाच वेळी करीत असते. यांतील एक काम बिघडले की दुसरे बिघडते. म्हणूनच तिचा हिशेब मांडणे कठीण जाते.

हा हिशेब मांडण्याचा प्रयत्न या जिल्ह्यातील लोकांनी शास्त्राची वाट न पाहता फार पूर्वी केलेला आहे. कन्हार, मोरंड, खर्डी, सिहार, बर्डी ही मातीची नावे येथील वृद्ध शेतकऱ्यांच्या तोंडी आजही आहेत. काळी, भारी, उन्हाळ्यात भेगाळणारी ती कन्हार. काळसर, पण थोडी हलकी ती मोरंड. पिवळसर, वाळूमिश्रित, पाणी मिळाले तर धानाला मानवणारी ती सिहार. चढावरची, लालसर, खडे-मुरुमाची ती बर्डी. मध्य प्रांतातील जमीन महसुलाच्या बंदोबस्तात मातीच्या अशा स्थानिक वर्गांचा आधार घेतलेला होता. या नावांत नुसता रंग सांगितलेला नाही. माती कोठे बसली आहे, हेही त्यांत सांगितलेले आहे. उंचावर बर्डी आणि सखल भागात कन्हार, हा क्रम सहसा उलट होत नाही. कारण वरचे बारीक कण हजारो वर्षे पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरत आलेले आहेत. जेफ्री मिल्न या शास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात पूर्व आफ्रिकेतील टेकड्यांवर हाच क्रम पाहिला आणि टेकडीच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंतच्या मातींना साखळीची उपमा दिली. ती साखळी मृदाशास्त्राच्या पुस्तकांत स्थिर झाली. साकोलीच्या किंवा लाखनीच्या शेतकऱ्याला ती नवी वाटणार नाही.

आता शास्त्रज्ञ मातीचे जे ‘प्रतिमान’ किंवा रूढ शब्दांत ‘मॉडेल’ तयार करतात, ते म्हणजे काय, हे पाहू. नाव भारदस्त असले तरी कल्पना हिशेबाच्या वहीसारखी आहे. जमा काय, खर्च काय आणि शिल्लक काय, एवढेच त्यात प्रथम लिहावयाचे असते. पाण्याचे सर्वांत साधे प्रतिमान मातीला एक बादली मानते. पाऊस ही जमा; पिकाने उडविलेले, उन्हाने सुकविलेले आणि खाली झिरपलेले पाणी हा खर्च; बादली भरल्यावर वरून वाहते ते ओढ्यात गेले.

उदाहरणादाखल धान कापल्यानंतरच्या दोन शेतांची तुलना करावी. भारी काळी माती मीटरभर खोलीत पिकाला मिळण्याजोगे साधारण २०० मिलिमीटर पाणी धरू शकते. रब्बीच्या थंडीत पीक दिवसाला सुमारे तीन मिलिमीटर पाणी खर्च करते असे धरले, तर बादली पूर्ण भरलेली असताना ती दोन महिन्यांहून अधिक पुरते. याउलट बर्डीची खोलीच अर्धा मीटर, आणि तीत धरलेले पाणी जेमतेम ४० ते ५० मिलिमीटर. ते पंधरवड्यात संपते. धान उभे असतानाच ओल्या कन्हारात लाखोळी फेकून देण्याची जी उतेऱ्याची रीत या भागात रूढ आहे, तिचे गणित हे असे आहे. नांगरट नाही, सिंचन नाही, तरीही पीक हाती येते. शिवाय लाखोळीच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र मातीत आणून ठेवतात. ज्याने ही रीत प्रथम काढली त्याला गुणाकार येत होता की नाही, कोण जाणे. त्याचे उत्तर मात्र बरोबर आले आहे.

बादलीच्या पुढचे प्रतिमान मातीतून पाणी कोणत्या वेगाने चालते ते सांगते. त्याचा पाया फ्रान्समधील दिझाँ शहराला पाणीपुरवठा करणाऱ्या हेन्री डार्सी या अभियंत्याने १८५६ साली वाळूच्या गाळण्यांवर प्रयोग करून घातला, आणि अर्धवट ओल्या मातीला तो नियम लागू करण्याचे समीकरण अमेरिकेतील लॉरेन्झो रिचर्ड्स यांनी १९३१ मध्ये मांडले. ती समीकरणे येथे सोडविण्याचे कारण नाही. त्यांतील मर्माचा मुद्दा एवढाच की, समीकरण जगभर एकच असले तरी त्यात घालावयाचा झिरप्याचा आकडा प्रत्येक मातीचा निराळा असतो, आणि तो शेतात जाऊनच मोजावा लागतो.

बांधीत पाणी भरले की काय होते

येथपर्यंतचा विचार जगातील बहुतेक शेतांना लागू पडतो. भंडाऱ्याच्या बांधीत मात्र प्रकरण वेगळे वळण घेते. सुमारे १३०० मिलिमीटर पावसाच्या या जिल्ह्यात शेतकरी पावसाळ्यात मुद्दाम वाफसा मोडतो. चिखलणी करून तो मातीच्या पोकळ्या बुजवितो, नांगराच्या तळाशी घट्ट थर तयार करतो, धुऱ्यांनी पाणी अडवितो आणि त्या चिखलात पऱ्ह्यांची रोवणी करतो. इतर पिकांच्या बाबतीत ज्याला जमिनीची हानी म्हणतील, ती धानासाठी पूर्वतयारी ठरते.

पाण्यातून प्राणवायूचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद असतो. मातीतील सूक्ष्म जीव उरलासुरला प्राणवायू एक-दोन दिवसांत संपवितात. त्यानंतर ते गुदमरून सरसकट मरत नाहीत. प्राणवायूचे काम करू शकेल असा दुसरा पदार्थ शोधण्यात पटाईत असलेले जीव पुढे येतात. प्रथम नायट्रेट वापरले जाते, मग मँगनीज, मग लोह, मग गंधकाची संयुगे, आणि सर्व संपल्यावर दलदलीचा वायू, म्हणजे मिथेन, तयार होऊ लागतो. हा क्रम निसर्गात ठरलेला आहे. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग येथील खाणीतून मँगनीज डायऑक्साइडचे खनिज निघते आणि ते कोरड्या बॅटऱ्यांच्या कारखान्यांना जाते. टॉर्चच्या सेलमध्ये जो पदार्थ विद्युत्कण स्वीकारतो, तोच पदार्थ बांधीच्या चिखलात सूक्ष्म जीवांकडून विद्युत्कण स्वीकारीत असतो. या अर्थाने पाण्याने भरलेली प्रत्येक बांधी म्हणजे हळूहळू खर्च होणारी एक बॅटरीच होय.

लोहाचे रूप पालटले की तांबूस माती राखाडी-निळसर दिसू लागते. लोहाने धरून ठेवलेले स्फुरद काही अंशी सुटते आणि धानाला मिळते. आम्लधर्मी मातीचा सामू वर चढतो, विम्लधर्मी मातीचा खाली येतो, आणि काही आठवड्यांत दोन्ही सातच्या आसपास येऊन ठेपतात. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत काम करणारे श्रीलंकेचे शास्त्रज्ञ फेलिक्स पोन्नम्पेरुमा यांनी १९७२ मध्ये या सर्व घडामोडींचा सविस्तर आढावा लिहिला. पाण्याखालच्या मातीचा अभ्यास करणारे आजही तेथूनच आरंभ करतात.

याचा ग्रामपंचायतीशी काय संबंध, असा प्रश्न कोणी करील. संबंध फार जवळचा आहे. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत मातीचे बारा गुण तपासण्यात येतात. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, आणि जस्त, लोह, तांबे, मँगनीज व बोरॉन ही सूक्ष्म द्रव्ये. योजना उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु नमुना घेतला जातो तो पीक निघाल्यावर, कोरड्या जमिनीतून. तो सावलीत वाळविला जातो, चाळला जातो, आणि मग तपासला जातो. पत्रिका सांगते ती कोरड्या मातीची प्रकृती. धान मात्र ओल्या मातीत वाढते. कोरड्यात सामू साडेपाच दाखविणारी माती रोवणीनंतर महिन्याभरात साडेसहाच्या पुढे गेलेली असू शकते. मग चुना टाकण्याचा खर्च निरर्थक ठरतो. त्याच शेतात रब्बीला हरभरा घ्यावयाचा असेल, तर मात्र तोच आकडा खरा मानावा लागतो. लोहाचेही तसेच. पत्रिका चुकीची नसते. तिच्यावरील आकडा कोणत्या अवस्थेचा आहे, हे वाचणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे, आणि ते सांगण्याची जबाबदारी कृषी सहायकाची व गावातील शिकलेल्या मंडळींची आहे. पत्रिका वाटून नोंदवहीत सही घेतली म्हणजे काम संपले, असे मानण्याची प्रवृत्ती सोडावी लागेल.

युरियाची गोणी कोठे जाते

ओल्या आणि कोरड्या मातीतील हा भेद पैशाच्या भाषेत पाहावयाचा असेल, तर युरियाकडे पाहावे. ४५ किलोच्या एका गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असते. बांधीतील पाण्यावर फेकलेल्या युरियापैकी धानाच्या वाट्याला बहुधा तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के, एवढेच नत्र येते. उरलेल्याला दोन मोठ्या वाटा फुटतात. पाण्यातील शेवाळामुळे दुपारी पाण्याचा सामू चढतो आणि अमोनिया हवेत उडतो, ही पहिली वाट. दुसरी अधिक गूढ आहे. चिखलाच्या अगदी वरच्या, काही मिलिमीटर जाडीच्या तांबूस थरात पाण्यातून थोडा प्राणवायू पोहोचत असतो. तेथे अमोनियाचे नायट्रेट होते. ते नायट्रेट खालच्या राखाडी थरात उतरते. तेथे प्राणवायूला भुकेलेले जीव त्याच्यावर तुटून पडतात, आणि नत्र वायुरूपाने हवेत परत जाते. जपानी शास्त्रज्ञांनी १९४० च्या सुमारास ही दोन थरांची लपाछपी उलगडली आणि उपायही सांगितला: खत वरच्या थरात न राहू देता खालच्या थरात पुरावे.

महाराष्ट्रात हा विचार शेतापर्यंत नेण्याचे श्रेय डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीला जाते. धानाचे अवशेष जमिनीला परत देणे, गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात मिसळणे, ठरावीक अंतरावर नियंत्रित रोवणी करणे आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या दर चार चुडांच्या मध्यभागी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचणे, ही ती चार सूत्रे. गोळी जेमतेम २.७ ग्रॅमची असते. ती खालच्या थरात असल्यामुळे अमोनिया अमोनियाच राहतो आणि मुळे तेथपर्यंत येऊन तो घेतात. मजुरी वाढते, हे खरे. ओळीने रोवणी झालेली नसेल तर गोळी खोचणे जमत नाही, हेही खरे. शिवाय फार पाझरणाऱ्या हलक्या जमिनीत खोल पुरलेले नत्रही पाण्याबरोबर खाली निसटू शकते. म्हणजे येथेही झिरप्याचा तो एक आकडा आधी ठाऊक असावा लागतो.

तो मोजणे शाळेतील मुलांनाही जमण्यासारखे आहे. एकाच बांधीत दोन पिंपे रोवावीत, एक तळाचे आणि एक बिनतळाचे. दोन्हींत सारखे पाणी व सारखी रोपे ठेवावीत आणि रोज सकाळी पट्टीने उतार मोजावा. तळाच्या पिंपातील घट ही ऊन आणि पीक यांची. बिनतळाच्या पिंपातील जादा घट ही जमिनीत झिरपलेल्या पाण्याची. कन्हारातील आणि सिहारातील आकडे शेजारी शेजारी मांडले, की तलावाचे पाणी कोणत्या बांधीला किती वेळा सोडावे लागेल, याचा अंदाज पाणी वाटणाऱ्यांना सहज करता येईल.

परक्या मातीवरचे प्रतिमान

मातीतील सेंद्रिय कर्बाचा हिशेब ठेवणारी प्रतिमाने गेल्या पन्नास वर्षांत विशेष प्रसिद्धीस आली. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे १८४३ पासून चालू असलेल्या शेतप्रयोगांच्या नोंदींवरून १९७७ मध्ये जेन्किन्सन आणि रेनर यांनी असे एक प्रतिमान प्रसिद्ध केले. पुढे विकसित झालेल्या रूपात ते मातीतील कर्बाचे पाच कप्पे करते. लवकर कुजणारा पाला, सावकाश कुजणारे धसकट, जीवांच्या शरीरातील कर्ब, मुरलेले ह्यूमस आणि जवळजवळ न बदलणारा अंश. तापमान, ओलावा आणि जमिनीवरचे आच्छादन पाहून महिन्यामहिन्याला प्रत्येक कप्प्यातून किती कर्ब उडाला, ते हे प्रतिमान काढते. रचना सुटसुटीत आहे आणि अनेक देशांत ती उपयोगी ठरली आहे.

परंतु तिच्या कर्त्यांनी प्रथमपासून स्पष्ट सांगितले होते की, हे प्रतिमान पाणी न साचणाऱ्या जमिनींसाठी आहे. ते जसेच्या तसे धानाच्या शेताला लावले, तर पाण्याखाली कुजणे किती मंदावते याची दखलच घेतली जात नाही. जपानी संशोधकांनी २००५ मध्ये हे प्रतिमान भातशेतीला जुळवून घेतले, तेव्हा पाणी उभे असलेल्या काळात कुजण्याचा वेग मूळच्या सुमारे एक पंचमांश धरावा लागला. आकडा एवढा बदलतो. भंडाऱ्यापासून जवळच, नागपुरात, १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोच्या शास्त्रज्ञांनी गंगा-सिंधूच्या मैदानातील आणि काळ्या मातीच्या प्रदेशातील जमिनींवर अशी प्रतिमाने पडताळून पाहण्याचे काम केलेले आहे. पडताळणीसाठी लागतात त्या एकाच शेतातील वर्षानुवर्षांच्या नोंदी. प्रतिमान संगणकावर चालते, हे दिसते. त्याच्या मागे कोणी तरी दरवर्षी त्याच जागी खड्डा खणून माती पिशवीत भरलेली असते, हे दिसत नाही.

या नोंदींची गरज येथे पूर्वीपेक्षा अधिक वाढली आहे. पवनी तालुक्यात वैनगंगेवर उभ्या राहिलेल्या गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी झाले. अशा प्रकल्पांचे कालवे आणि विंधन विहिरी यांमुळे उन्हाळी धानाचा मार्ग मोकळा होतो. पाणी आले, दुसरे पीक आले, घरात पैसा आला, याचे मोल कमी लेखता येणार नाही. तथापि, मातीच्या दृष्टीने पाहता जी बांधी पूर्वी सात-आठ महिने कोरडी राहून श्वास घेत असे, तिला आता जेमतेम काही आठवडे उसंत मिळते. दीर्घकाळ पाण्याखाली राहिलेल्या जमिनीत जस्त धानाला मिळेनासे होते. पानांवर गंजासारखे ठिपके आणणारा धानाचा ‘खैरा’ हा विकार याच कमतरतेचा आहे, हे य. ल. नेने यांनी १९६६ मध्ये पंतनगर येथे दाखवून दिले. तोवर त्याला रोग समजून औषधे मारली जात. रोपटे उपटून मुळे पाहण्याची सवय ठेवावी. मुळांवर तांबूस लेप असेल तर धानाची मुळे भोवतालच्या चिखलाला प्राणवायू पुरवीत आहेत असे समजावे. मुळे काळी पडून सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर पाणी काढून बांधी थोडी सुकू द्यावी.

मधून मधून पाणी उतरू देण्याने मिथेनही कमी होतो आणि पाण्याचीही बचत होते, असे भात संशोधकांचे सांगणे आहे. ते योग्यच आहे. मात्र पुढची पाळी कधी मिळणार याची ज्या शेतकऱ्याला खात्री नाही, तो आपल्या बांधीतले पाणी उतरू देणार नाही, आणि त्याला त्याबद्दल दोष देता येणार नाही. येथे मृदाशास्त्राचे काम संपते आणि पाणी वापर संस्थेचे सुरू होते.

तलावांच्या गाळाचा विचारही याच हिशेबात बसतो. कोहळी समाजाने बांधलेले आणि १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यानंतर शासनाकडे आलेले या जिल्ह्यातील तलाव म्हणजे वरच्या उतारावरून सुटलेल्या बारीक कणांच्या पेढ्या होत. २०१७ पासूनच्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत हा गाळ शेतात नेता येतो. बर्डी-सिहारावर तो टाकला तर बादलीचे आकारमान वाढते. आधीच चिकण असलेल्या कन्हारावर टाकला तर निचरा आणखी बिघडतो, आणि ट्रॅक्टरचे भाडे वाया जाते. गाळाचा नमुनाही तपासावा, नुसता रंग काळा दिसला म्हणून तो कसदार ठरत नाही.

शेवटी नमुन्याविषयी. शेतातील आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचे, वीतभर खोलीचे खड्डे करून त्यांच्या एका बाजूची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासून घ्यावी. सर्व माती एकत्र मिसळावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत असे करीत जावे. धुऱ्याजवळची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाजवळची माती घेऊ नये. कन्हार आणि सिहार एका पिशवीत मिसळू नये. सडकेला लागून असलेल्या एकाच शेतातून माती उचलून तीवर दहा खातेदारांची नावे घालण्याचा मोह कोणाला झाला, तर त्या दहा घरांच्या खताचा खर्च एका चुकीच्या आकड्यावर ठरेल, आणि तोच आकडा पुढे जिल्ह्याच्या नकाशात आणि शास्त्रज्ञांच्या प्रतिमानातही जाऊन बसेल. पिशवीतील चिठ्ठीवर खातेदाराचे नाव व गट क्रमांक यांबरोबर आणखी तीन गोष्टी लिहाव्यात: मातीचे गावात चालणारे नाव, शेत चढावर आहे की सखलात, आणि गेल्या वर्षात त्या बांधीत किती महिने पाणी उभे होते.